वाचनालयाचा लोगो धुरकट का दिसत होता

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट नीट करायचं काम माझ्याकडे आलं आणि साइट उघडल्या उघडल्या डोळ्यात खुपला तो लोगो. लाल अक्षरात वाचनालयाचं नाव, पण प्रत्येक अक्षराभोवती राख भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके, शिरोरेखा मधेमधे विटलेली, अनुस्वार तर शोधावे लागत होते. आणि त्याच पानावर खाली वार्षिक समारंभाचा फोटो, तो मात्र एकदम झकास! दोन्ही फाइली जेपेगच. मग एकाच फॉरमॅटने फोटोला तारलं आणि लोगोला मारलं, असं का?

जेपेग आत काय करतं ते बघा. चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे छोटे चौकोन पाडतं, म्हणजे एका चौकोनात 64 पिक्सेल, आणि त्या 64 आकड्यांच्या जागी दुसरे 64 आकडे लिहितं. पहिला आकडा म्हणजे चौकोनाची सरासरी, बाकीचे सांगतात की या चौकोनात उजेड-रंगाच्या चढउताराच्या संथ लहरी किती, झपाझप वरखाली होणाऱ्या बारीक लहरी किती. या गणिताला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात, आणि ही कल्पना बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांची, त्यांनी 1972 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे यासाठी पैसे मागितले होते, ते मिळाले नाहीत, तरी माणूस थांबला नाही आणि 1974 मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत पेपर छापला. 1992 च्या जेपेग स्टँडर्डच्या मुळाशी हेच गणित आहे. आपण रोज शेकडो फोटो बघतो, त्यामागची ही तीन नावं शाळेत शिकवायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

आता खरी बचत पुढे होते. बारीक लहरींचे आकडे मोठ्या संख्येने भागून राउंड करतात, त्यातले बहुतेक शून्य होऊन जातात, आणि शून्यं साठवायला जागा लागतेच किती? चेहरा, आभाळ, भिंत, यात शेजारच्या पिक्सेलमध्ये फरक हळूहळू पडतो, म्हणून बारीक लहरी गेल्या तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. पण अक्षराची कड म्हणजे एका पिक्सेलला पांढरं आणि लगेच पुढच्याला लाल. एवढी धारदार उडी दाखवायला संथ, बारीक सगळ्या लहरी एकत्र लागतात, त्यातल्या काही काढल्या की उरलेल्या एकमेकींना नीट खोडत नाहीत आणि पांढऱ्या जागेत हेलकावे मारत राहतात. ती राख म्हणजे हेच हेलकावे. चौकोन 8 पिक्सेलचाच असल्यामुळे ते लांब जात नाहीत, अक्षराला चिकटूनच बसतात.

त्यात लाल रंग! आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचा बारीक फरक चांगला कळतो, रंगाचा तेवढा नाही, म्हणून जेपेग उजेड आणि रंग वेगळे करतं आणि बऱ्याचदा चार पिक्सेलना मिळून एकच रंग ठेवतं. इथेच आकडे अर्धे होतात, फोटोत काहीच कळत नाही, पण लाल अक्षराची कड फिस्कटते. देवनागरीला हे जास्तच जाचतं कारण छोट्या साइजला शिरोरेखा एक-दोन पिक्सेलची उरते आणि अनुस्वार म्हणजे चार-पाच पिक्सेलचा ठिपका.

पीएनजी या चित्राच्या दुसऱ्या फॉरमॅटचं तसं नाही. ते काहीच टाकून देत नाही. प्रत्येक पिक्सेल डावीकडच्या किंवा वरच्या पिक्सेलपेक्षा किती वेगळा एवढंच लिहितं, सपाट रंग असला की फरक शून्य, मग शून्यांच्या रांगाच्या रांगा झिप फाइलसारख्या आवळून टाकतं. चार रंगांचा लोगो त्यात अगदी छोटा होतो. पण फोटो घातला तर? 1200 बाय 800 चा फोटो म्हणजे 9,60,000 पिक्सेल, प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे जवळपास 29 लाख बाइट, आणि कॅमेऱ्याच्या फोटोत शेजारचे दोन पिक्सेल तंतोतंत सारखे क्वचितच सापडतात, त्यामुळे पीएनजीला आवळायला फारसं काही मिळत नाही आणि फाइल जेपेगच्या कित्येक पट होते. मोबाइलवर रेंज कमी असलेल्या माणसाला ते पान उघडायला लावणं बरोबर नाही.

पीएनजी जन्मलं ते भांडणातून. 1987 च्या जिफ या चित्राच्या फॉरमॅटमध्ये फाइल आवळायला वापरलेल्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं, 1994 च्या शेवटी त्यासाठी पैसे मागायचं जाहीर झालं, तेव्हा लोकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन नवा मोकळा फॉरमॅट बनवला आणि 1996 मध्ये तो आला. जिफला 256 रंगांची मर्यादा, पारदर्शकता असेल तर पूर्ण नाहीतर अजिबात नाही, पीएनजीत तिच्या 256 पायऱ्या, आणि जेपेगमध्ये तर पारदर्शकता नाहीच, म्हणून रंगीत पट्टीवर जेपेगचा लोगो ठेवला की भोवती पांढरा डबा दिसतो.

इथे एक गैरसमज सगळीकडे दिसतो. मला लोगोची पीएनजी म्हणून जी फाइल दिली ती जेपेगवरूनच बनवलेली होती, राखेसकट. जेपेगने एकदा टाकलेलं परत येत नाही, पीएनजी ती राख इमानदारीने जपून ठेवतं एवढंच. मूळ फाइलच हवी.

ती नव्हतीच, म्हणून मी लोगो नव्याने एसव्हीजीमध्ये काढला. यात पिक्सेलच नसतात, रेषा आणि वळणं कशी काढायची याच्या सूचना असतात, कितीही मोठा करा, कड धारदार. फक्त अक्षरांची आधी वळणं करून घ्या, नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर नाव भलत्याच अक्षरात दिसतं. फोटो मात्र मी वेबपीत ठेवले, गुगलचा 2010 चा फॉरमॅट, आता सगळे नेहमीचे ब्राउझर उघडतात आणि फाइल सहसा जेपेगपेक्षा लहान होते. एव्हीआयएफ नावाचा आणखी एक फॉरमॅट त्याहून आवळतो, पण तयार करायला वेळ घेतो.

राहिल्या सूचना. "सोमवारी वाचनालय बंद" अशा सूचनांचीही चित्रं करून टाकलेली होती, ती मी सरळ काढली आणि मजकूर टाइप केला. देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं, म्हणजे 300 चिन्हांची सूचना 900 बाइटच्या आसपास. आता वेळ बदलली की ग्रंथपाल बाई स्वतः फोनवरून ओळ बदलतात, आणि आमचे एक जुने सभासद, ज्यांना आता दिसत नाही, ते स्क्रीन रीडरवर ती सूचना ऐकतात.