गरोदरपणातला फ्लू, कोविड आणि आरएसव्ही : शंभर वर्षांची पार्श्वभूमी

गरोदर बाईला फ्लू जास्त जड जातो, हे आकड्यांनिशी पुढे आलं ते १९१८ च्या साथीनंतर. अमेरिकेतले डॉ. जॉन हॅरिस यांनी १९१९ मध्ये १,३५० गरोदर रुग्णांची माहिती मांडली. निम्म्या जणींना न्यूमोनिया झाला होता आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक दगावल्या.

असं का होतं? पोट वाढतं तसं श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा साधारण २० टक्क्यांनी घटते, आणि प्राणवायूची गरज जवळपास तेवढीच वाढते. शिल्लक कमी नि खर्च जास्त, त्यामुळे न्यूमोनियात ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. म्हणूनच ऑक्सिमीटरवरचा ९३ चा आकडा एरवी एकवेळ चालवून घेतील, गरोदरपणात ९५ च्या खाली जाऊ देत नाहीत. फ्लूचा विषाणू वार (प्लेसेंटा) ओलांडून बाळापर्यंत क्वचितच पोहोचतो. बाळाला बाधतो तो आईचा ताप आणि कमी पडलेला ऑक्सिजन. त्यातूनच दिवस भरण्याआधी प्रसूती होते, वजन कमी भरतं. कोविडमध्ये मात्र काही जणींची वारच सुजून निकामी झाली आणि बाळ पोटातच गेलं.

२००९ च्या स्वाइन फ्लूत तेच चित्र. अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया जेमतेम १ टक्का, मृतांमध्ये सुमारे ५ टक्के. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध (७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस) पहिल्या ४८ तासांत मिळालेल्या बऱ्याच सावरल्या. रिपोर्टची वाट बघण्यात हेच तास वाया जातात.

लशीची शिफारस अमेरिकेत १९६० पासूनच होती, पण विचार आईपुरताच. बांगलादेशातल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले : आईला फ्लूची लस दिल्यावर ६ महिन्यांखालच्या बाळांमधला फ्लू ६३ टक्क्यांनी घटला. या वयाच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, म्हणून हे मोलाचं. एवढं कळूनही कोविड लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना वगळलं, आणि पुढे त्याच लस घ्यायला कचरल्या. यात नवल ते काय!

आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना बाधणारा श्वसनमार्गाचा विषाणू. त्याविरुद्ध आईला द्यायची लस २०२३ मध्ये आली. अमेरिकेत ती ३२ ते ३६ आठवड्यांत देतात. प्रतिपिंडं तयार होऊन वारेतून उतरायला किमान १४ दिवस लागतात. त्याआधीच बाळंतपण झालं, तर बाळाला निर्सेव्हिमॅबसारखं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं.