मुंबईचा पाऊस आणि ओमानचं समुद्री जंगल

जुलैमध्ये मुंबईकर डायव्हरला घरी बसावं लागतं. मालवण-तारकर्लीचं स्कूबा बंद, यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, वरळीच्या बांधावर लाटांचा मारा. आपली ही गत करणारा नैऋत्य मोसमी वाराच त्या दिवसांत अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला, ओमानच्या धोफार भागात, पाण्याखाली जंगल वाढवत असतो. केल्पचं जंगल.

केल्प हे तपकिरी रंगाचं, चांगलंच मोठं होणारं शैवाल. कॅलिफोर्निया, केप टाउन, टास्मानिया हे त्याचे नेहमीचे किनारे, म्हणजे पाणी गार असलेले. धोफारमधलं सालालाह शहर तर 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबईच्याही दक्षिणेला. तिथे उन्हाळ्यात थंड पाणी येतं कुठून?

येतं ते खालून. मोसमी वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळपास समांतर वाहतो. त्याचा सर्वांत जोरकस झोत समुद्रापासून सुमारे एक-दीड किलोमीटर उंचीवर असतो. त्याला फिंडलेटर जेट म्हणतात. वारा पाण्याला पुढे ढकलतो खरा, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ते पाणी उजवीकडे वळतं. ओमानच्या बाबतीत उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर. वरचं कोमट पाणी असं निघून गेलं की त्याची जागा घ्यायला खोलवरचं पाणी वर चढतं. ते गार असतं, आणि तळाकडे साचलेलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शैवालाचं खतही, सोबत आणतं. ऐन पावसाळ्यात धोफारच्या किनाऱ्याला पाणी 20 अंशांच्या आसपास उतरतं, केल्प भराभर वाढतं, आणि वारा पडून पाणी तापलं की झडून जातं. याच खडकांवर प्रवाळही आहेत. प्रवाळ आणि केल्प असे शेजारी-शेजारी जगात फार थोड्या ठिकाणी दिसतात.

केप टाउनच्या अटलांटिक बाजूलाही हेच घडतं, फक्त वारा आग्नेयेचा आणि गोलार्ध दक्षिण, त्यामुळे पाणी डावीकडे वळतं. म्हणून तिथे समुद्र सर्वांत गार असतो तो भर उन्हाळ्यात! सुरुवातीला हे नुकतं वर आलेलं पाणी छान स्वच्छ दिसतं. काही दिवसांत खत आणि ऊन मिळून त्यात वनस्पती-प्लवक, म्हणजे तरंगणारं सूक्ष्म शैवाल, माजतं आणि सगळं हिरवं होतं.

आपल्याकडे स्कूबा म्हटलं की अंदमानचं निळंशार पाणी डोळ्यांपुढे येतं आणि हिरवट पाण्याला लोक नाकं मुरडतात. माझ्या मते हा समुद्रावर अन्याय आहे. निळं पाणी निळं दिसतं, कारण त्यात तरंगतं अन्न फारसं नसतं. प्रवाळ तिथे तगतात ते आहे तेच पुनःपुन्हा वापरून. हिरव्या पाण्यात मात्र पंगत मांडलेली असते.

केल्पचा बुंधा जवळून बघण्यासारखा असतो. त्याला मुळं नसतात. खडकाला आवळून धरणारा, फाटे फुटलेला एक पंजा असतो. पोषण पाती थेट पाण्यातून घेतात. त्या पंजाच्या फटींत ब्रिटल स्टार (तारामाशाचे लांब हातांचे नातलग), छोटे खेकडे, समुद्री किडे दाटीवाटीने राहतात. सी अर्चिनची, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्री प्राण्यांची, संख्या बेसुमार वाढली तर ते हा पंजाच कुरतडतात. मग अख्खं झाड सुटून वाहून जातं.

ही मेजवानी बघायची तर थंडीची तयारी लागते. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे 14 अंशांचं पाणी 14 अंशांच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त झोंबतं. वेटसूटचं निओप्रीन (फेसाळ रबर) ऊब देतं ते त्यातल्या वायूच्या बारीक बुडबुड्यांमुळे. दर 10 मीटर खोलीला दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो. म्हणजे गार पाणी गाठावं आणि नेमकी तेव्हाच ऊब कमी व्हावी!

मग मुंबईसमोर असं जंगल का नाही? एक तर वारा इथे किनाऱ्याला समांतर न वाहता जवळपास समोरून येतो आणि पाणी आपल्याच अंगावर लोटतो. दुसरं म्हणजे आपला समुद्र लांबवर उथळ आहे. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, तरी तिथे खोली जेमतेम 75 मीटर. खालचं गार पाणी आपल्या दारापर्यंत पोचणार कसं? केरळात किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अरुंद आहे आणि तिथे पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं. तिथल्या तारलीच्या थव्यांना त्याचा मोठा आधार असतो.

आपल्या वाट्याला खाड्यांचा गाळ आणि उधाणाला पाच मीटरच्या घरात जाणारी भरती-ओहोटी आली आहे. असल्या पाण्यात स्कूबाला काही अर्थ नाही. पण हाजी अली किंवा वरळीच्या खडकांवर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला, जाड तळाचे बूट घालून, सिलिंडरशिवायच बरंच दिसतं: झोअँथिडचे (प्रवाळांच्या मऊ नातलगांचे) गालिचे, स्पंज, नुडिब्रँक (बिनशंखाच्या रंगीत समुद्री गोगलगाई), नशीब असेल तर ऑक्टोपस. सुंदर शंख दिसला तर मात्र उचलू नका. शंकूच्या आकाराच्या काही गोगलगाईंचा डंख विषारी असतो.