ठरीव प्रार्थना आणि चर्च-फुटीचा वाद (इंग्लंड)

इंग्लंडच्या राजमान्य अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू आणि त्या चर्चच्या रीतीभातींना नकार देणारे प्रॉटेस्टंट विमतवादी यांच्यात साधारणपणे १५७० ते १७२० या काळात चाललेला वाद. मुद्दे दोन होते. छापील पुस्तकातून वाचलेली प्रार्थना देवाला मान्य होते का, आणि ती पटत नाही एवढ्यावरून चर्चपासून वेगळे होणे योग्य की पाप? दोन्ही पक्ष बायबल मानणारे, दोन्ही रोमच्या पोपविरुद्ध, आणि तारणाच्या मूळ सिद्धांतात फारसे अंतर नसलेले. तरीही या भांडणात माणसे फासावर गेली, तुरुंगात मेली, देश सोडून गेली.

वादाच्या मुळाशी ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ हे प्रार्थनापुस्तक होते. आर्चबिशप टॉमस क्रॅनमर यांच्या देखरेखीखाली ते १५४९ मध्ये निघाले आणि १५५२ मध्ये प्रॉटेस्टंट वळणाने सुधारले गेले. १५५९ मध्ये पहिल्या एलिझाबेथच्या काळात कायद्याने ते पुन्हा सर्वत्र सक्तीचे झाले. रविवारी चर्चला दांडी मारली की १२ पेन्स दंड. लॅटिन गेली, लोकांच्या भाषेत उपासना आली, आणि राज्यभर एकाच दिवशी एकच शब्द उच्चारले जाऊ लागले. बऱ्याच खेडेगावच्या पाद्र्यांना धड प्रवचनही देता येत नव्हते, त्या काळात हे पुस्तक मोठा आधार होते. चर्च आणखी शुद्ध व्हावे असे म्हणणाऱ्या प्युरिटनांच्या लिखाणात ही बाजू सहसा येत नाही.

प्युरिटनांचा आक्षेप आधी पुस्तकातल्या काही खुणांवर होता. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) गुडघे टेकून घेणे, लग्नातली अंगठी, पाद्र्याचा पांढरा झगा, या सगळ्यांत त्यांना कॅथलिक मिस्साचा (रोमन उपासनाविधीचा) वास येई. १५७२ मध्ये जॉन फील्ड आणि टॉमस विल्कॉक्स यांनी पार्लमेंटला उद्देशून एक जळजळीत पत्रक काढले. हे पुस्तक पोपच्या उकिरड्यातून वेचून काढलेले आहे, आणि चर्चमध्ये स्तोत्रे टेनिसच्या चेंडूसारखी इकडून तिकडे फेकली जातात, असे त्यात म्हटले होते. दोघेही तुरुंगात गेले. पुढे अँग्लिकन जॉन व्हिटगिफ्ट आणि प्युरिटन टॉमस कार्टराइट यांच्यात याच प्रश्नावर जाडजूड ग्रंथांची लढाई झाली. अँग्लिकन धर्मपंडित रिचर्ड हूकर यांनी १५९७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात ठरीव प्रार्थनेचे जे समर्थन केले, त्याच्या तोडीचे शांत, भारदस्त लिखाण या वादात पुन्हा क्वचितच झाले.

बहुतेक प्युरिटनांना चर्च सुधारायचे होते, सोडायचे नव्हते. सोडणारे निराळे. रॉबर्ट ब्राउन यांनी १५८२ मध्ये सुधारणेसाठी राजसत्तेची वाट पाहत बसू नका असे लिहिले आणि स्वतंत्र मंडळ्यांचा पाया घातला. हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवुड यांच्या मते वाचलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. ग्रीनवुडला खोडून काढायला पुढे आला तो कोणी बिशप नव्हे, तर जॉर्ज गिफर्ड हा प्युरिटन पाद्री. म्हणजे रेषा अँग्लिकन आणि प्युरिटन अशी सरळ पडलेली नव्हती. एप्रिल १५९३ मध्ये बॅरो आणि ग्रीनवुड यांना फाशी झाली. त्याच वर्षी कायदा आला: चर्चला न जाता खासगी सभांना जाणाऱ्याला कैद, तीन महिन्यांत नमला नाही तर हद्दपारी, परत आला तर मरण. स्क्रूबी गावची एक मंडळी १६०८ मध्ये हॉलंडला पळाली. तिच्यातलेच काही लोक १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला पोचले.

प्रार्थनेवरचे युक्तिवाद

अँग्लिकनांचे पहिले शस्त्र म्हणजे प्रभूची प्रार्थना. शिष्यांनी ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ म्हटल्यावर येशूने ठरलेले शब्दच दिले ना? दावीदाची स्तोत्रे तरी दुसरे काय आहेत? विमतवाद्यांचे उत्तर मार्मिक होते. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत त्या प्रार्थनेचे शब्द तंतोतंत सारखे नाहीत, तेव्हा तो नमुना आहे, पाठ नव्हे. त्यांचा मुख्य आधार रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातला: काय मागावे हे आपल्याला कळत नाही, आत्माच आपल्या वतीने विनवणी करतो. मग महिनाभर आधी, किंवा शंभर वर्षांपूर्वी कोणी लिहिलेल्या ओळी वाचणे म्हणजे आत्म्याला वेसण घालणे. प्रार्थना करता येणे हे पाळकाच्या पाचारणाचेच लक्षण असून, पुस्तक हाती देऊन ते त्याच्याकडून काढून घेतले जाते, असेही ते म्हणत.

यावर अँग्लिकनांनी शोधलेला प्रतिवाद मला या साऱ्या वादातला सर्वांत चलाख वाटतो. पाळक उत्स्फूर्त बोलतो तेव्हा उत्स्फूर्त असतो तो एकटाच. ऐकणाऱ्या दोनशे माणसांना त्याचेच शब्द मुकाट्याने स्वीकारायचे असतात, पुढचे वाक्य काय येणार हे ठाऊक नसताना आमेन म्हणायचे असते. त्यांच्यापुरती तीही ठरीव प्रार्थनाच, फक्त चर्चने ठरवलेली नव्हे, एका माणसाने ठरवलेली. पुस्तकातले शब्द निदान आधी पारखून घेता येतात. शिवाय लांबण, पुनरुक्ती, आणि १६४० च्या दशकातल्या यादवी युद्धात पाहिल्याप्रमाणे प्रार्थनेच्या आडून राजकीय भाषण, हे धोके वेगळेच.

पुनरुक्तीचा आरोप विमतवाद्यांनी उलटवला. रविवारी सकाळच्या उपासनेत सकाळची प्रार्थना, लितानी (पाळक आणि लोक आळीपाळीने म्हणतात ती विनवणी) आणि प्रभुभोजनाचा विधी एकापाठोपाठ येत, आणि प्रभूची प्रार्थना पुन्हापुन्हा म्हटली जाई. दफनविधीवरची तक्रार तर जास्तच टोचणारी होती. गावातला नामचीन दारुडा मेला तरी पुस्तकाप्रमाणे त्याच्या कबरीवर सार्वकालिक जीवनाच्या खात्रीच्या आशेचे शब्द उच्चारावे लागत. बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि आत्महत्या केलेले एवढेच अपवाद. मृताला जवळून ओळखणाऱ्या पाद्र्याने हे कोणत्या तोंडाने वाचायचे?

पारडे फिरते आणि पुन्हा फिरते

२३ जुलै १६३७ रोजी एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये नव्या स्कॉटिश प्रार्थनापुस्तकाचे वाचन सुरू होताच दंगा झाला. जेनी गेडिस या बाईने वाचणाऱ्याच्या दिशेने स्टूल भिरकावल्याची आख्यायिका स्कॉटलंडमध्ये अजून सांगतात. दंगा मात्र आख्यायिका नाही. त्यातून पेटलेल्या संघर्षाची परिणती राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इंग्लंडच्या यादवीत झाली. जानेवारी १६४५ मध्ये पार्लमेंटने प्रार्थनापुस्तक रद्द केले आणि त्याऐवजी पाळकाने काय करावे याच्या सूचना देणारी ‘डिरेक्टरी’ आणली. त्याच महिन्यात आर्चबिशप विल्यम लॉड यांचा शिरच्छेद झाला. ऑगस्टपासून घरात खासगीत हे पुस्तक वापरणाऱ्यालाही पहिल्या वेळी ५ पौंड, दुसऱ्या वेळी १० पौंड दंड आणि तिसऱ्या वेळी वर्षभराची कैद होती. ठरीव प्रार्थनेच्या बाजूने जेरेमी टेलर यांनी लिहिलेले ग्रंथ याच पडत्या काळातले. आता लपूनछपून उपासना करणारे अँग्लिकन होते. त्या अनुभवाने ते मवाळ झाले, असे पुढच्या घटना पाहता म्हणवत नाही.

यादवीनंतर उलथवली गेलेली राजेशाही १६६० मध्ये परतली. १६६१ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय इथे १२ बिशप आणि १२ प्रेसबिटेरियन (बिशपांऐवजी वडीलजनांच्या मंडळाने चर्च चालवावे असे मानणारे) चर्चेला बसले. रिचर्ड बॅक्स्टर यांनी सुमारे पंधरवड्यात एक पर्यायी उपासनापुस्तकच लिहून आणले. यावरून दिसते की त्यांच्यासारख्यांचा विरोध लिखित प्रार्थनेला नव्हता, एकाच पुस्तकाच्या सक्तीला होता. बिशपांनी किरकोळ बदलांपलीकडे काही मानले नाही. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक पाद्र्याला पुस्तकातल्या सर्व मजकुराला मनःपूर्वक संमती जाहीर करणे भाग पडले. मुदत २४ ऑगस्ट. आपल्यापर्यंत नवी छापील प्रत मुदतीत पोचलीच नाही, अशी अनेकांची तक्रार होती. १६६० ते १६६२ या काळात सुमारे २,००० जणांना पदे सोडावी लागली. ‘विमतवादी’ हा कायमचा सामाजिक वर्ग खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. पाठोपाठ १६६४ चा सभाबंदीचा कायदा आला. कुटुंबाबाहेरची पाच किंवा त्याहून जास्त माणसे उपासनेला जमली तर तो गुन्हा. १६६५ च्या कायद्याने हकाललेल्या पाळकांना आपल्या जुन्या गावापासून पाच मैलांच्या आत फिरकण्याची बंदी झाली.

भांड्यांना डाग देणारा बेडफर्डचा प्रवचनकार जॉन बन्यन नोव्हेंबर १६६० मध्ये पकडला गेला, तोही १५९३ च्या त्या जुन्या कायद्याखाली. न्यायाधीश केलिंग यांच्याशी त्याची जी जुगलबंदी झाली, ती त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. चर्चला का येत नाहीस? देवाच्या वचनात तशी आज्ञा सापडत नाही म्हणून. प्रार्थना करण्याची तर आज्ञा आहे ना? आहे, पण प्रार्थनापुस्तकाने नाही, आत्म्याने. यावर केलिंग बोलून गेले की प्रार्थनापुस्तक प्रेषितांच्या काळापासून चालत आलेले आहे. विधान साफ चुकीचे होते, पण बन्यनला तुरुंगात परत पाठवायला ते आड आले नाही. तो सुमारे १२ वर्षे आत राहिला आणि तिथूनच त्याने आत्म्याने करायच्या प्रार्थनेवर एक पुस्तिका लिहिली.

वेगळे होणे हे पाप आहे का?

२ मे १६८० रोजी सेंट पॉल्सचे डीन एडवर्ड स्टिलिंगफ्लीट यांनी लंडनच्या लॉर्ड मेयरपुढे फुटीच्या अनर्थावर प्रवचन दिले आणि वाद पुन्हा भडकला. त्यांचा पेच असा: अनेक विमतवादी पाळक खासगीत कबूल करतात की पॅरिश चर्चमधली (गावच्या राजमान्य चर्चमधली) उपासना पापमय नाही, अधूनमधून ते तिथे जातातही. एकदा जाणे चालते तर नेहमी जाणे का चालू नये? आणि चालत असेल तर वेगळी मंडळी काढणे हे निव्वळ फुटीचे पाप. बॅक्स्टर, जॉन ओवेन, जॉन हाउ, व्हिन्सेंट ऑल्सॉप अशी उत्तरांची रांग लागली. त्यांतला कळीचा मुद्दा एकच: झगा, क्रुसाची खूण, गुडघे टेकणे या गोष्टी तुमच्याच म्हणण्याप्रमाणे गौण आहेत, तर त्यांच्यासाठी माणसांना बाहेर का काढता? अँग्लिकन उलट विचारत, गौण आहेत तर त्यांच्यासाठी बाहेर का जाता? दीडशे वर्षांचा वाद या दोन प्रश्नांभोवती फिरला. दोन्ही पक्ष कधीकधी बिनतोड वाटतात ते त्यामुळेच. माझ्या मते भांडण पुस्तकाचे कमी आणि हुकमाच्या अधिकाराचे जास्त होते. स्टिलिंगफ्लीट यांची अडचण अशी की तरुणपणी, १६६० च्या सुमारास, ख्रिस्ताने स्वतः घातल्या नाहीत त्या अटी चर्चने घालू नयेत, असे त्यांनीच लिहिले होते. विरोधकांनी ते पुस्तक त्यांच्या तोंडावर फेकले. त्यांनी १६८१ मध्ये सविस्तर उत्तर दिले.

या काळात लंडनच्या धर्मगुरूंनी विमतवाद्यांची मने वळवण्यासाठी पुस्तिकांची मालिकाच काढली. शंकेखोर सदसद्विवेकबुद्धीवर बेंजामिन कॅलमी यांचे प्रवचन १६८३ मध्ये छापले गेले. त्याला उत्तर लिहिणारा बाप्टिस्ट (बाळांचा नव्हे, प्रौढांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाचा) शिक्षक टॉमस डेलॉन न्यूगेट तुरुंगात पडला. दंड भरायला पैसे नव्हते. १६८५ मध्ये तो तिथेच वारला, त्याची बायको आणि दोन मुलेही तुरुंगातच दगावली. बेंजामिन यांचे वडील एडमंड कॅलमी १६६२ मध्ये हकालले गेलेल्यांपैकी होते, आणि त्याच हकाललेल्यांचा इतिहास पुढे लिहिला तो बेंजामिन यांच्या पुतण्याने.

आयर्लंडमध्ये डेरीचे बिशप विल्यम किंग यांनी १६९४ मध्ये प्रेसबिटेरियनांना उलटे धारेवर धरले: तुम्ही सभेत बायबल फार कमी वाचता, प्रभुभोजनही क्वचितच देता, मग मनुष्यनिर्मित रीती कोणाच्या? डब्लिनचे जोसेफ बॉइस यांनी त्यांना उत्तर दिले.

१६८९ च्या सहिष्णुता कायद्याने त्रैक्य मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांना नोंदणी करून उपासना करण्याची मुभा मिळाली, मात्र सभागृहाचे दार आतून बंद ठेवायचे नाही. प्रार्थनापुस्तक सुधारून विमतवाद्यांना आत घेण्याची योजना त्याच वर्षी फसली. सरकारी पदासाठी अँग्लिकन प्रभुभोजन घेण्याची अट राहिलीच. त्यामुळे वर्षातून एकदा ते घेऊन पद मिळवायचे आणि एरवी आपल्या सभेला जायचे, अशी पळवाट रूढ झाली. १६९७ मध्ये लॉर्ड मेयर हंफ्री एडविन अधिकारचिन्हांसह विमतवादी सभेला गेले तेव्हा गहजब झाला. १७०९ मध्ये हेन्री सॅशेव्हरेल यांनी विमतवाद्यांवर आग ओकणारे प्रवचन दिले. त्यांच्यावरील खटल्याच्या काळात लंडनच्या जमावाने विमतवादी सभागृहे फोडली. ही पळवाट बंद करणारा १७११ चा आणि विमतवाद्यांच्या शाळांवरचा १७१४ चा असे कडक कायदे १७१९ मध्ये रद्द झाले, पदांची अट १८२८ मध्ये गेली.

महाराष्ट्राशी संबंध

मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात अँग्लिकन उपासना रुजली. आजचे सेंट टॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये खुले झाले. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले ते अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्या) परंपरेतून, म्हणजे थेट प्युरिटनांच्या वारशातून. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचे काम पुढे अहमदनगरकडे वाढले. १८२९ मध्ये स्कॉटिश प्रेसबिटेरियन जॉन विल्सन आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट आणि इतर मंडळ्या एका चर्चमध्ये सामील झाल्या. बिशपपद ठेवण्यात आले, बाल आणि प्रौढ असे बाप्तिस्म्याचे दोन्ही प्रकार मान्य झाले, आणि मंडळ्यांना आपापल्या उपासनापद्धती चालू ठेवण्याची मोकळीक मिळाली.