‘१०० टक्के पॉलिएस्टर’ म्हणजे नेमका कोणता दोरा: स्पन की फिलामेंट?

घरी तंबू, सॅक, ताडपत्री किंवा झोपायची झोळी शिवायला घेतलेली माणसे दोऱ्याविषयी पहिला प्रश्न विचारतात तो ‘पॉलिएस्टर घ्यावा की नायलॉन’ हा. ‘पॉलिएस्टर’ असे उत्तर मिळाले की विषय मिटला असे समजून हाताशी असलेले रीळ मशीनवर चढते. खरी निवड मात्र त्यानंतरची असते. लेबलवर ‘१०० टक्के पॉलिएस्टर’ एवढेच छापलेल्या दोन रिळांत रसायन एकच असले तरी दोऱ्याची घडण इतकी निराळी असू शकते की एका दोऱ्याने शिवलेला खांद्याचा पट्टा कापड विरेपर्यंत टिकतो आणि दुसऱ्याने शिवलेला पट्टा भरल्या ओझ्याखाली उसवतो. हा फरक स्पन (तोकडे तंतू कातून केलेला) आणि फिलामेंट (अखंड तंतूंचा) या दोन दोऱ्यांमधला आहे. तो न सांगता ‘पॉलिएस्टर वापरा’ एवढाच सल्ला एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो, आणि दोष शेवटी शिवणाऱ्याच्या हाताला लागतो, हे मला मुळीच पटत नाही.

नायलॉनचा निकाल आधी थोडक्यात लावू. नायलॉन हवेतून स्वतःच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा घेतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के घेतो. ओला नायलॉन ताणतो आणि थोडा अशक्तही होतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपुढे तो पॉलिएस्टरपेक्षा लवकर हार मानतो. घासले जाणे आणि लवचिकपणा या दोन बाबतींत नायलॉन सरस आहे, म्हणून बूट, चामडे आणि प्रवासी बॅगा यांसाठी त्याची निवड योग्यच ठरते. पण उन्हापावसात उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला पॉलिएस्टरच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. सुती दोरा तर अशा कामाला घेऊच नये, कारण ओला राहिला की त्याला बुरशी लागते आणि तो कुजतो.

स्पन पॉलिएस्टर वाचकांना चांगला परिचयाचा आहे. घरातल्या शिवणाच्या डब्यात, शिंप्याच्या मशीनवर आणि तयार कपड्यांच्या बहुतेक शिवणींत तोच असतो. पॉलिएस्टरचे तंतू कापसाच्या तंतूंइतके, म्हणजे साधारण ३८ मिलिमीटर लांबीचे कापतात, कापसासारखेच पिंजून त्यांचे सूत काततात आणि दोन किंवा तीन पदर एकत्र पिळून दोरा करतात. तो मऊ, किंचित लवदार असतो, टाका चांगला धरून ठेवतो आणि जवळजवळ कोणत्याही मशीनवर तक्रार न करता चालतो. त्याची ही ओळख पुरेशी आहे.

फिलामेंट दोऱ्यात तंतू कापलेलाच नसतो. वितळलेले पॉलिएस्टर बारीक छिद्रांतून दाबून बाहेर काढतात, त्याचे तंतू थंड करून ताणतात, आणि रिळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाणारे असे अनेक तंतू एकत्र पिळतात. सगळा फरक या एका गोष्टीतून येतो, म्हणून तिच्यावर जरा थांबणे आवश्यक आहे.

स्पन दोऱ्यावर ओझे येते तेव्हा त्यातला कोणताही एक तंतू ते ओझे फार लांब वाहून नेऊ शकत नाही, कारण ३८ मिलिमीटरवर तो संपतो. तिथून पुढे ओझे शेजारच्या तंतूंकडे जाते ते केवळ पिळामुळे होणाऱ्या घर्षणाच्या जोरावर. ताण वाढत गेला की काही तंतू तुटतात आणि काही एकमेकांवरून नुसते सरकतात, त्यामुळे पॉलिएस्टरच्या तंतूत जी ताकद मुळात असते तिचा काही भाग दोऱ्याच्या उपयोगीच पडत नाही. फिलामेंटमध्ये सरकायला टोकच नसते. सारख्या जाडीचे दोन दोरे घेतले तर शिवणीसाठी बनवलेला उच्च ताकदीचा फिलामेंट हा स्पनच्या दीडपटीहून अधिक भार सहज पेलतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की स्पनने मजबुती आणायची तर दोरा जाड घ्यावा लागतो, त्याला सुई जाड लागते, आणि हलक्या कापडात जाड सुईने ओळीने मोठी छिद्रे पाडली की कापडच त्या ओळीवर फाटायला तयार होते.

दुसरा परिणाम पाण्याशी संबंधित आहे. स्पन दोऱ्याच्या अंगावर हजारो तोकड्या टोकांची लव असते आणि आत तंतूंच्या मधे बारीक पोकळ्या असतात. दिव्याची वात तेल ओढते तसा हा दोरा शिवणीच्या बाहेरच्या बाजूचे पाणी आतल्या बाजूला ओढून आणतो. तंबूच्या आतल्या शिवणीवर एकसारखे बारीक थेंब धरलेले दिसले, तर पाणी सुईच्या छिद्रांतून गळत असावे असे वाटते, पण पुष्कळदा ते दोऱ्यातूनच वाहत आलेले असते. फिलामेंट दोरा गुळगुळीत आणि घट्ट असल्यामुळे पाणी कमी ओढतो, आणि पाणी न ओढणारा लेप दिलेले फिलामेंट दोरेही मिळतात. इथे आणखी एक जुना समज खोडून काढला पाहिजे. दोरा भिजल्यावर फुगतो आणि छिद्र बुजवतो, हे सुती वेष्टण असलेल्या दोऱ्याने शिवलेल्या जाड सुती तंबूच्या बाबतीत खरे आहे. सिलिकॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप असलेल्या पातळ कापडात पॉलिएस्टरचा कोणताही दोरा फुगून छिद्र बुजवत नाही. तिथे शिवणीला सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारा लेप, लावावाच लागतो किंवा टेप चिकटवावी लागते.

घर्षणाचा भाग थोडक्यात सांगतो. सॅकच्या तळाशी किंवा पट्ट्याच्या कडेला घासून स्पनची लव हळूहळू झडते आणि झडलेला प्रत्येक तंतू दोऱ्याची थोडी ताकद घेऊन जातो. फिलामेंट जास्त काळ टिकतो, पण त्यातला एखादा तंतू काट्याकुसळाला अडकून ओढला जाऊ शकतो. यावर उपाय म्हणून ‘बॉन्डेड’ फिलामेंट बनवतात. त्यात सगळे पदर एका पातळ लेपाने एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे दोरा सुटा होत नाही आणि घासणेही जास्त सोसतो.

आता रीळ हातात घेऊन काय पाहायचे ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. वितभर दोरा तोडून गडद रंगाच्या कापडावर धरा आणि उजेडात तिरपा पाहा. अंगभर बारीक केस उभे दिसले तर तो स्पन असण्याची शक्यता आहे, आणि अंग साफ, किंचित चमकदार दिसले तर फिलामेंट असण्याची. पण एवढ्यावर थांबू नका. दोऱ्याचा पीळ बोटांच्या चिमटीत उलटा सोडवा, पदर वेगळे करा, त्यातला एकच पदर घेऊन त्याचाही पीळ पूर्ण सोडवा आणि दोन्ही टोके हलकेच ओढा. स्पनचा पदर काहीही न तुटता, कापसाच्या पेळूसारखा विरत जाऊन हातात दोन झुपके ठेवतो. फिलामेंटचा पदर पीळ गेला तरी सुटत नाही. बारीक, सरळ तंतूंचा तो झुबका ताणाला तसाच उभा राहतो आणि जोर लावला तर बोटाला काचतो.

ही दुसरी पायरी आवश्यक आहे याचे कारण कोअरस्पन नावाचा तिसरा दोरा. यात प्रत्येक पदराच्या पोटात अखंड फिलामेंट असते आणि त्याभोवती तोकड्या तंतूंचे वेष्टण कातलेले असते. बाहेरून तो अगदी स्पनसारखा लवदार दिसतो, पण पदर सोडवून ओढला की वरची लव निघून जाते आणि आतला गाभा तुटायला नकार देतो. घरगुती मशीनवर बाहेरच्या वापराचे सामान शिवणाऱ्या बहुतेकांसाठी माझी पहिली पसंती हाच दोरा आहे. ताकद फिलामेंटच्या जवळ जाणारी मिळते, टाका स्पनसारखा धरला जातो आणि मशीनचा ताण पुन्हा पुन्हा बदलत बसावे लागत नाही. नावांनी सांगायचे तर कोट्स या कंपनीच्या दोऱ्यांपैकी ॲस्ट्रा हा स्पन, एपिक हा कोअरस्पन आणि ग्रॅल हा फिलामेंट आहे. तिन्ही पॉलिएस्टरच आहेत.

जाळून पाहण्याचा उपाय या ठिकाणी सांगितला जातो, तो कृपया सोडून द्या. ज्योतीजवळ नेल्यावर दोरा वितळून कडक मणी झाला की तो सुती नाही एवढेच कळते. स्पन आणि फिलामेंट दोन्ही पॉलिएस्टर असल्यामुळे दोन्ही सारखेच वितळतात. ‘हेवी ड्यूटी’ या छापील शब्दांवरही विश्वास ठेवू नये. त्यामागे कोणतेही ठरलेले माप नाही, आणि त्या नावाखाली जाड स्पनही विकला जातो.

फिलामेंट असला म्हणजे मजबूत असलाच, अशी उलट समजूतही तितकीच घातक आहे. मशीनच्या भरतकामाचा चमकदार पॉलिएस्टर दोरा अखंड तंतूंचाच असतो, पण तो चमकेसाठी घडवलेला असतो, बारीक असतो, आणि ओझे पेलणाऱ्या शिवणीत त्याला स्थान नाही. ओव्हरलॉकवर वापरतात तो फुगीर, लोकरीसारखा दोराही फिलामेंटच असतो. ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडासाठी तो उत्तम आहे, पट्ट्यासाठी नाही.

जाडीच्या आकड्यांचा गोंधळ एका परिच्छेदात संपण्यासारखा आहे. टेक्स म्हणजे १००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन, म्हणून आकडा मोठा तितका दोरा जाड. तिकीट क्रमांक याच्या उलट चालतो. कृत्रिम दोऱ्यांसाठी ३००० ला टेक्सने भागले की तो साधारण मिळतो, म्हणून तिकीट १२० म्हणजे टेक्स २५ च्या आसपास, तिकीट ७५ म्हणजे टेक्स ४० आणि तिकीट ४० म्हणजे टेक्स ७५ च्या जवळ. फार हलक्या कापडाला टेक्स २५ ते ३० आणि ७० किंवा ८० क्रमांकाची सुई, सॅक व ताडपत्रीच्या मध्यम कापडाला टेक्स ४० आणि ९० क्रमांकाची सुई घ्यावी. टेक्स ७० चा बॉन्डेड दोरा १०० किंवा ११० क्रमांकाच्या सुईने शिवावा, आणि तोही आपले मशीन त्याचा ताण खरोखर पेलते हे टाकाऊ तुकड्यावर पाहूनच.

जाड दोऱ्याचा मोह आवरण्याचे आणखी एक कारण आहे. साध्या लॉकस्टिच (वरचा आणि बॉबिनमधला दोरा एकमेकांत अडकवणाऱ्या) शिवणीची ताकद अंदाजण्यासाठी उद्योगात एक सोपे सूत्र वापरतात: प्रति इंच टाक्यांची संख्या गुणिले दोऱ्याची तुटण्याची ताकद गुणिले १.५. म्हणजे दोरा न बदलता इंचामागे ८ ऐवजी १० टाके घातले तर शिवण चतुर्थांशाने बळकट होते. अर्थात टाके फार दाट झाले तर सुईच्या छिद्रांनी कापड दुबळे होते, म्हणून याला मर्यादा आहे. आणि शिवण कापडापेक्षा थोडी कमी ताकदीची असणेच इष्ट आहे, कारण अति ताणाखाली दोरा तुटला तर शिवण पुन्हा घालता येते, पण दोरा शाबूत राहून कापड फाटले तर तो भाग गेलाच.

फिलामेंट मशीनवर चढवल्यावर पहिल्यांदा त्रास होतो, म्हणून अनेक जण त्याला नावे ठेवून स्पनकडे परततात. तो निसरडा असतो, त्यामुळे वरचा ताण थोडा वाढवून तुकड्यावर जुळवून घ्यावा लागतो, सुरुवातीला आणि शेवटी मागेपुढे चार-पाच टाके जास्त घालावे लागतात, आणि रिळावरून तो घरंगळून खाली उतरतो म्हणून रिळाला जाळी घालावी लागते. एवढे केले की तो नीट चालतो. एक गोष्ट मात्र कोणीही टाळू नये: वर फिलामेंट आणि बॉबिनमध्ये हाती लागला तो स्पन, अशी जोडी लावू नये. लॉकस्टिचमध्ये वरचा आणि खालचा दोरा प्रत्येक टाक्यात एकमेकांत अडकतो, आणि ताण आला की दोघांतला दुबळा आधी तुटतो. वरच्या दोऱ्यावर केलेला खर्च त्या क्षणी वाया जातो.

स्पनला मी कमी लेखत नाही. सामानाच्या हलक्या पिशव्या, मच्छरदाणी, लोकरी टोप्या, अंगात घालायचे कपडे आणि रजईची आतली शिवण यांसाठी चांगला स्पन पुरेसा आहे आणि हाताळायला सोपाही आहे. खांद्याचे पट्टे, तंबूच्या दोऱ्या बांधायचे कोपरे, झोळीची टोके आणि सतत भिजणाऱ्या शिवणी इथे मात्र कोअरस्पन किंवा फिलामेंटच हवा. ज्या शिवणीवर माणसाचा जीव अवलंबून असतो, म्हणजे गिर्यारोहणाचा हार्नेस किंवा स्लिंग, ती घरी शिवूच नये. तिथे दोऱ्याच्या निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

दोरा दुरून मागवायचा असेल आणि हातात घेऊन पीळ सोडवणे शक्य नसेल, तर विक्रेत्याला तीनच गोष्टी लेखी विचाराव्यात: घडण स्पन, कोअरस्पन की फिलामेंट, टेक्स किती, आणि वर बॉन्डिंगचा किंवा पाणी न ओढणारा लेप आहे का. उत्तरादाखल फक्त ‘१०० टक्के पॉलिएस्टर, खूप मजबूत’ असे आले, तर तिथून दोरा घेऊ नये.