मोठी ऑर्डर घरच्या धंद्याला झेपत नाही?

जळगाव-धुळ्याकडे एक समज पक्का बसलाय: घरून बिबडे (ज्वारीचे पापड) नि इतर पापड विकणाऱ्या बाईनं भाव कमीच ठेवावा, मोठं गिऱ्हाईक धरलं की जीएसटीचं लचांड मागे लागतं. हे खरं नाही.

राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेल्याशिवाय जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पापडावर तर करच नाही. मसाला सुरतेच्या दुकानदाराला पाठवायचा असेल, तर मात्र नोंदणी लागते. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी पहिल्या किलोपासूनच हवी. ती ऑनलाइन होते.

आता भाव. बिबड्यांची ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा. हात भाजतात ते वेगळंच. हिशेबात मात्र फक्त ज्वारी नि सरपण! ही मजुरी धरली की दहा घरी किलो-किलो देण्यापेक्षा एकाच लग्नघरचे बिबडे, कुरडया, शेवया, मसाला असं सगळं सामान घेणं परवडतं. फेऱ्या वाचतात, निम्मे पैसे आगाऊ मागता येतात. शेजारीण 'महाग आहे' म्हणेल. म्हणू द्या.

खरं दुखणं दुकानदाराच्या उधारीचं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट होते. ती असेल तर लेखी करार नसताना 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं दुकानदाराला कायद्यानं बंधनकारक आहे. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.