ओ'सुलिवन: गळालेला 'ओ'

कॉर्क आणि केरी या आयर्लंडच्या नैऋत्य टोकाच्या परगण्यांत ओ'सुलिवन पावलोपावली भेटतात. अमेरिकेत बोस्टनला जा, तिथे ते नुसते सुलिवन. कूळ तेच, मग 'ओ' गेला कुठे?

आपल्याकडे आडनावावरून बऱ्याचदा गाव कळतं. २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचं, हे आडनावच सांगतं. आयरिश आडनाव मात्र सहसा पूर्वज सांगतं. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. ओ'सुलिवनांचा मूळपुरुष दहाव्या शतकाच्या सुमाराचा. त्याच्या नावातल्या 'सूल'चा अर्थ डोळा, एवढं नक्की. पण काळ्या डोळ्यांचा की एका डोळ्याचा, यावर पंडितांचं एकमत नाही.

कुळाचं जुनं ठाणं टिपरेरी परगण्यात, नॉकग्राफनच्या टेकडीपाशी होतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदारांनी तो सुपीक मुलूख घेतला आणि हे लोक नैऋत्येच्या डोंगराळ किनाऱ्याकडे सरकले. तिथे दोन मोठ्या शाखा झाल्या: केनमेअरच्या खाडीवरचे ओ'सुलिवन मोर, म्हणजे थोरली पाती, आणि बेअरा द्वीपकल्पातले ओ'सुलिवन बेअर.

या बेअर शाखेचा डोनल काम हा आयरिश लोकस्मृतीत अजून जिवंत आहे. १६०१च्या डिसेंबरात किन्सेल इथे आयरिश आणि त्यांच्या मदतीला आलेले स्पॅनिश इंग्रजांकडून हरले. पुढच्या जूनमध्ये डोनलचा डनबॉयचा किल्ला तोफांनी पाडला गेला. ३१ डिसेंबर १६०२ला सुमारे १,००० माणसं घेऊन तो ग्लेनगॅरिफहून निघाला; त्यात लढणारे ४००च्या आसपास, बाकी बायका, मुलं आणि नोकरचाकर. उत्तरेला लीट्रिम परगण्यात ओ'रूर्क या सरदाराच्या किल्ल्यात आसरा मिळेल, ही आशा. भर हिवाळ्यात, वाटेतल्या गावकऱ्यांशीही लढत ते चालले. शॅनन नदी ओलांडायला त्यांनी स्वतःचे घोडे मारून त्यांच्या कातड्यांच्या होड्या केल्या. पंधरवड्याने किल्ल्याच्या दारात पोहोचले ते ३५ जण. त्यात बाई एकच. डोनल पुढे स्पेनला गेला आणि १६१८ साली माद्रिदमध्ये मारला गेला. ही सगळी कहाणी आपल्याला कळते ती त्याच्या नात्यातल्या फिलिपच्या १६२१ सालच्या लॅटिन इतिहासातून, म्हणजे घरच्याच माणसाकडून. तेवढं ध्यानात ठेवून वाचावी.

स्पेनला गेले ते थोडे, तेही सरदार-सैनिक. मागे उरलेल्यांच्या जमिनी सतराव्या शतकात गेल्या आणि त्याच सुमारास 'ओ' गळू लागला. इंग्रजी अंमलात, इंग्रजी कारकुनाच्या वहीत, हे जुनं आयरिश बिरुद मिरवण्यात फायदा नव्हता. 'ओ' गळला तो तिथेच. अठराव्या शतकात बहुतेक घरं नुसती सुलिवन होती.

मग १८४५ ते १८५२चा बटाट्याचा दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. जहाजात चढताना आडनावात 'ओ' नव्हताच. बोस्टनचा मुष्टियोद्धा जॉन एल. सुलिवन अशाच स्थलांतरितांचा मुलगा. हेलन केलरची शिक्षिका अॅन सुलिवन हीसुद्धा. लहानपणीच्या डोळ्यांच्या रोगाने अॅन जवळपास आंधळी झाली होती, आणि आडनावाच्या मुळाशी 'डोळा' हा शब्द.

बेअरातून निघालेली एक वाट वेगळी आहे. तिथल्या अॅलिहीझ गावात १८१०च्या दशकापासून तांब्याच्या खाणी चालत. त्या मंदावल्या तेव्हा खाणकाम जाणणारी माणसं थेट मोंटाना राज्यातल्या ब्यूट शहरात, पुन्हा तांब्याच्याच खाणीत उतरली. डोंगरातल्या त्या शहरात सुलिवन इतके झाले की नुसतं आडनाव सांगून माणूस सापडणं कठीण. बेअरातही हीच अडचण. म्हणून तिथे घराण्यांना टोपणनावं असतात.

इकडे आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषेचं वारं सुटलं. १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली, आणि घरोघर लोक आडनावापुढे 'ओ' परत लावू लागले. बोस्टन-ब्यूटचे सुलिवन तोवर समुद्रापलीकडे गेले होते.