यू. एस. विमेन्स ओपन

महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये आज पाच स्पर्धांना ‘मेजर’, म्हणजे सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा, हा दर्जा आहे. त्यांतली सर्वांत जुनी म्हणजे यू. एस. विमेन्स ओपन. १९४६ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत एकाही वर्षाचा खंड पडलेला नाही. करोनाच्या साथीमुळे २०२० ची स्पर्धा लांबली, पण त्या डिसेंबरात ती ह्यूस्टनला झालीच. शेव्हरॉन चॅम्पियनशिप, विमेन्स पीजीए चॅम्पियनशिप, फ्रान्समधली एव्हियन चॅम्पियनशिप आणि ब्रिटनची विमेन्स ओपन या उरलेल्या चार मेजर. जिच्या नावावर यातली एकच मेजर असणार असेल, अशा खेळाडूला कोणती हवी असे विचारले, तर बहुतेकींचे बोट याच स्पर्धेकडे जाईल.

स्पर्धा भरवते ती युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन, अर्थात यूएसजीए. अमेरिकेत गोल्फचे नियम ठरवणारी आणि पुरुषांची यू. एस. ओपन भरवणारी संस्थाही हीच. ‘ओपन’ या शब्दाचा अर्थ इथे शब्दशः घ्यायचा. व्यावसायिक असो वा हौशी, शाळकरी मुलगी असो वा आई झालेली बाई, ठरलेल्या पातळीचा खेळ असलेल्या कोणालाही प्रवेशअर्ज भरता येतो. मागच्या विजेत्या, जागतिक क्रमवारीतल्या वरच्या खेळाडू वगैरेंना थेट प्रवेश असतो. बाकीच्यांना पात्रता फेरीतून यावे लागते आणि ती एकाच दिवसात ३६ होल (चेंडू एका खड्ड्यात पोचवण्याचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक होल) खेळून ओलांडायची असते. अमेरिकेबरोबर इतर देशांतही या फेऱ्या होतात.

मुख्य स्पर्धेत १५६ जणी उतरतात. चार दिवस, रोज १८ होल, एकूण ७२; सर्वांत कमी फटके घेणारी जिंकते. दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो आणि पहिल्या ६० जणी व साठाव्या जागेवर बरोबरीत असलेल्या खेळाडू तेवढ्या पुढे जातात. मैदान दरवर्षी बदलते आणि ते मुद्दाम अवघड करून ठेवलेले असते. रफमध्ये (मुख्य वाटेच्या बाहेर) गवत वाढवलेले, ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) टणक आणि वेगवान. पार म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, बर्डी म्हणजे त्याहून एक कमी. एरवीच्या स्पर्धांत आठवडाभर बर्डींचा पाऊस पाडणाऱ्या खेळाडूला इथे पार राखताना घाम फुटतो. १९९८ मध्ये ७२ होलनंतर आघाडीवर असलेल्या दोघींचे फटके पारपेक्षा सहाने जास्त होते, यावरून काय ते समजावे. उलट टोकाला ऑस्ट्रेलियाच्या मिंजी लीचा विक्रम आहे. २०२२ मध्ये पाइन नीडल्सच्या मैदानावर तिने २७१ फटक्यांत स्पर्धा संपवली आणि अनिका सोरेनस्टामचा १९९६ चा २७२ चा विक्रम मोडला. तो जुना विक्रमही पाइन नीडल्सवरच झाला होता.

सुरुवात

आज यूएसजीएच्या नावाशी एकरूप झालेली ही स्पर्धा जन्मली मात्र तिच्या छत्राबाहेर. दुसरे महायुद्ध संपत असताना अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला गोल्फपटूंनी स्वतःची एक छोटी संघटना उभारली होती. तिने १९४६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात पहिली स्पर्धा भरवली. बक्षिसाचे १९,७०० डॉलर तिथल्या अॅथलेटिक राउंड टेबल या क्लबने दिले, तेही रोख नव्हे तर युद्धरोख्यांच्या रूपात. ती स्पर्धा मॅचप्ले पद्धतीची होती, म्हणजे एकीविरुद्ध एक, बाद पद्धतीने. अंतिम सामन्यात पॅटी बर्गने बेटी जेमसनला हरवले. युद्धकाळात बर्ग मरीन कोअरमध्ये अधिकारी होती. पुढच्याच वर्षी मॅचप्ले रद्द झाले आणि एकूण फटके मोजण्याची पद्धत आली. १९४७ ची ती स्पर्धा जेमसनने २९५ फटक्यांत जिंकली. ७२ होलच्या स्पर्धेत ३०० च्या आत येणारी ती पहिली महिला.

१९५० मध्ये १३ खेळाडूंनी मिळून एलपीजीए ही व्यावसायिक महिला गोल्फपटूंची नवी संघटना स्थापन केली आणि जुनी संघटना मागे पडली. मात्र या तेरा जणींना खेळायचेही होते, मैदाने शोधायची होती, प्रायोजक गाठायचे होते, हिशेबही ठेवायचे होते. या सगळ्यात राष्ट्रीय अजिंक्यपद सांभाळणे कठीणच. त्यांनी यूएसजीएला विनंती केली आणि १९५३ पासून स्पर्धा यूएसजीएकडे आली. माझ्या मते स्पर्धेच्या आयुष्यातला हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय. हाताने वाढवलेले रोप त्यांनी अशा ठिकाणी लावले, जिथे त्यांच्या पश्चातही पाणी मिळत राहील.

सेलम, १९५४

बेब झहारियास हे नाव अमेरिकेत गोल्फच्या आधीपासून गाजत होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिने भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण, तर उंच उडीत रौप्य मिळवले होते. गोल्फकडे वळल्यावर १९४८ आणि १९५० मध्ये तिने ही स्पर्धा जिंकली. एप्रिल १९५३ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. मलविसर्जनासाठी पोटाला पिशवी जोडलेली. पुन्हा मैदानात उतरेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

पंधरा महिन्यांनी, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम कंट्री क्लबवर ती उतरली. त्या काळी शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या, म्हणजे ३६ होल खेळावे लागत. धडधाकट माणसाचे पाय भरून येतील अशी ती चाल. बेब ती पुरी चालली आणि तब्बल १२ फटक्यांनी जिंकली. वय ४३. इतक्या वयात ही स्पर्धा आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेली नाही. त्या काळात कर्करोगाचा उच्चारही दबक्या आवाजात होत असे. बेब मात्र आपल्या आजाराबद्दल उघडपणे बोलत राहिली. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९५६ मध्ये, त्याच आजाराने ती गेली.

त्या शेवटच्या ३६ होलमध्ये बेबच्या जोडीने खेळत होती एकोणीस वर्षांची एक हौशी मुलगी, मिकी राइट. पुढे तिने ही स्पर्धा चार वेळा जिंकली (१९५८, १९५९, १९६१, १९६४). चार विजेतेपदांच्या त्या विक्रमात तिच्या जोडीला फक्त बेट्सी रॉल्स आहे (१९५१, १९५३, १९५७, १९६०). राइटचा स्विंग (काठी फिरवण्याची शैली) आपण पाहिलेला सर्वांत उत्तम, असे बेन होगनसारखा दिग्गज म्हणायचा. आता विजेतीला चषकासोबत मिळणारे पदक मिकी राइटच्याच नावाचे आहे.

एका आकड्याची चूक

रॉल्सच्या चार विजेतेपदांपैकी १९५७ चे विजेतेपद तिला मैदानावर नव्हे, टेबलावर मिळाले. विंग्ड फूट क्लबवर सर्वांत कमी फटके घेतले होते हवाईच्या जॅकी पंगने, २९८. रॉल्सचे २९९. याच रॉल्सकडून पंग १९५३ मध्ये प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवणाऱ्या जादा लढतीत) हरली होती, त्यामुळे आनंद दुप्पट. किशोरवयीन मुलगी सोबत होती. अभिनंदनाची गर्दी झाली होती.

गोल्फमध्ये आपले फटके आपल्या कार्डावर सोबतची खेळाडू लिहिते आणि फेरी संपल्यावर ते तपासून आपण सही करायची असते. चौथ्या होलवर पंग आणि बेटी जेमसन दोघींनाही सहा फटके लागले होते आणि दोघींनीही एकमेकींच्या कार्डावर पाच लिहिले होते. पंगच्या कार्डावर त्या फेरीच्या एकूण फटक्यांचा ७२ हा आकडा बरोबर होता. पण नियम बेरजेला नाही, एकेका होलच्या आकड्याला बांधलेला. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही झाली की खेळाडू बाद. दोघीही बाद झाल्या आणि विजेतेपद रॉल्सकडे गेले.

पंगने फसवणूक केली असे कोणीच म्हटले नाही. क्लबच्या सभासदांनी तिथल्या तिथे वर्गणी काढली आणि तिच्या हातात सुमारे ३,००० डॉलर ठेवले. रॉल्सचे पहिले बक्षीस होते १,८०० डॉलर. पैसे जास्त मिळाले, पण विजेत्यांच्या यादीत पंगचे नाव कधीच लागले नाही. नियम कठोर होता हे मान्य करूनही ही शिक्षा मला गुन्ह्याच्या मानाने फार मोठी वाटते.

नियमाचा असाच बारीक काटा २०१६ मध्ये अॅना नॉर्डक्विस्टच्या पायात रुतला. ब्रिटनी लँगविरुद्धच्या प्लेऑफमध्ये बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) फटका मारण्यासाठी मागे घेतलेली तिची काठी वाळूच्या काही कणांना घासून गेली. डोळ्यांना ते दिसलेही नव्हते, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने जवळून टिपले. दोन फटक्यांचा दंड झाला, तोही पुढच्या होलवर खेळ सुरू असताना कळवला गेला. लँगला तो तिच्या तिसऱ्या फटक्याआधी कळला, नॉर्डक्विस्टला मात्र आपला फटका मारून झाल्यावर. दंडापेक्षा या क्रमावरून जास्त वाद झाला आणि तो रास्तच होता.

हौशी विजेती

एवढ्या वर्षांत ही स्पर्धा एकाच हौशी खेळाडूने जिंकली आहे. १९६७ मध्ये व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्जला फ्रान्सची बावीस वर्षांची कॅथरीन लाकोस्त दोन फटक्यांनी जिंकली. वडील रेने लाकोस्त विम्बल्डन विजेते टेनिसपटू, मगरीच्या चिन्हाचे शर्ट त्यांचेच. आई सिमोन हिने १९२७ मध्ये ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकलेले. हौशी असल्याने कॅथरीनला बक्षिसाचा एक डॉलरही घेता आला नाही. ती पुढेही व्यावसायिक झाली नाही.

याउलट नॅन्सी लोपेझ. महिला गोल्फला अमेरिकेत घराघरांत नेणारी ही खेळाडू या स्पर्धेत चार वेळा दुसरी आली. १९९७ मध्ये तिने चारही दिवस सत्तरच्या आत फटके घेतले. स्पर्धेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते. तरीही इंग्लंडच्या अॅलिसन निकोलसने एका फटक्याने बाजी मारली.

अनवाणी पाय

स्पर्धेचा भूगोल बदलला तो १९९८ मध्ये. विस्कॉन्सिनमधल्या ब्लॅकवुल्फ रनवर दक्षिण कोरियाची से री पाक आणि ड्यूक विद्यापीठाची विद्यार्थिनी जेनी चुआसिरिपॉर्न बरोबरीत राहिल्या. दोघीही वीस वर्षांच्या. त्या काळच्या नियमानुसार सोमवारी १८ होलचा प्लेऑफ झाला. सतरा होल झाले तरी बरोबरी सुटली नव्हती. अठराव्यावर पाकचा पहिला फटका डावीकडे गेला आणि चेंडू तळ्याच्या उतारावर, पाण्याच्या अगदी कडेला गवतात अडकला.

दंडाचा एक फटका घेऊन चेंडू बाहेर काढता आला असता. पाक बराच वेळ तिथे पाहत उभी राहिली. मग तिने बूट काढले, मोजे काढले आणि ती पाण्यात उतरली. उन्हाने रापलेल्या पोटऱ्यांखाली घोट्यापासूनचे पाय पांढरेफटक होते. दिवसचे दिवस मैदानावर मोजे घालून घालवल्याची ती खूण होती. चेंडू तिने फेअरवेवर (मैदानाच्या मुख्य वाटेवर) परत आणला आणि बोगीवर, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन, होल संपवला. जेनीलाही बोगीच मिळाली. १८ होलनंतर दोघींचे ७३, पुन्हा बरोबरी. विसाव्या होलवर पाकचा बर्डीचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) आत गेला तेव्हा निकाल लागला.

कोरिया त्या वेळी आशियाई आर्थिक संकटात होरपळत होता. कारखाने बंद पडत होते, नोकऱ्या जात होत्या. पाण्यात उभ्या असलेल्या त्या मुलीचे दृश्य तिथे पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि हजारो घरांतल्या मुलींच्या हातात गोल्फची काठी आली. या पिढीला तिथे ‘से री किड्स’ म्हणतात. त्यांतली इन्बी पार्क २००८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ही स्पर्धा जिंकून सर्वांत लहान विजेती ठरली. २००८ ते २०२० या तेरा स्पर्धांपैकी नऊ कोरियन खेळाडूंनी जिंकल्या. २०१९ ची विजेती ली जोंग-उन आपल्या नावापुढे ‘६’ लावते, कारण कोरियाच्या व्यावसायिक संघटनेत त्या नावाची ती सहावी खेळाडू.

अलीकडची वर्षे

१८ होलचा प्लेऑफ आता इतिहासजमा झाला आहे. तो शेवटचा २००६ मध्ये झाला आणि सोरेनस्टामने आपले तिसरे विजेतेपद त्यातूनच मिळवले. पुढे तीन होलचा आणि २०१८ पासून दोन होलचा प्लेऑफ आला. २०१४ मध्ये पाइनहर्स्टच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मैदानावर पुरुषांची आणि महिलांची ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली. महिलांची मिशेल वीने जिंकली. त्याच स्पर्धेत अकरा वर्षांची लुसी ली पात्रता फेरी जिंकून उतरली होती. पहिल्या दिवशी ७८ फटके झाल्यावर पत्रकारांना उत्तरे देताना ती निवांत आइस्क्रीम खात होती. कट काही तिला पार करता आला नाही.

बक्षिसाची रक्कम २०२१ मध्ये ५५ लाख डॉलर होती. ती पुढच्याच वर्षी एक कोटी आणि २०२४ मध्ये एक कोटी २० लाख झाली. पुरुषांच्या ओपनच्या २०२४ च्या रकमेच्या (दोन कोटी १५ लाख) तुलनेत ती अजूनही बरीच मागे आहे. २०२३ मध्ये ही स्पर्धा पहिल्यांदाच पेबल बीचवर झाली. पुरुषांची ओपन तिथे १९७२ पासून होत आली होती, तेव्हा महिलांना ते मैदान फारच उशिरा मिळाले. जिंकली अॅलिसन कॉरपझ आणि तिला २० लाख डॉलर मिळाले. तीही हवाईची, जॅकी पंगच्या बेटांवरची.

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर लेक्सी थॉम्पसनने शेवटच्या दिवशी पाच फटक्यांची आघाडी घेतली आणि हळूहळू गमावली. प्लेऑफमध्ये नासा हाताओकाला हरवून फिलिपाइन्सची युका सासो जिंकली, तेव्हा तिचे वय दिवसाच्या हिशेबाने नेमके इन्बी पार्कच्या विजयाच्या दिवशी होते तेवढेच होते. सासोची आई फिलिपिनो, वडील जपानी. पुढे तिने जपानचे नागरिकत्व निवडले आणि २०२४ मध्ये लँकेस्टरला जपानकडून खेळताना हीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्या संध्याकाळी बोलताना तिने पहिला विजय आईला दिला होता, हा वडिलांना, असे सांगितले आणि तिला रडू आवरेना.